एक हार्ड डिस्क, घरात तीन कॉम्प्युटर: 'फॉरमॅट'चं बटण दाबण्याआधी हे वाचा

घरात बाबांचा विंडोज लॅपटॉप, ताईचं मॅकबुक, हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही आणि या सगळ्यांसाठी मिळून एकच एक्स्टर्नल हार्ड डिस्क. त्यात दहा वर्षांचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, सातबारा आणि मार्कशीटचे स्कॅन. आता ही डिस्क एका कॉम्प्युटरवरून काढून दुसऱ्याला लावली की गंमत सुरू होते. एकावर फोटो दिसतात, पण नवीन फाइल टाकता येत नाही. दुसऱ्यावर डिस्क दिसतच नाही. आणि कधी कधी स्क्रीनवर सरळ एक चौकट येते: ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा.

त्या चौकटीत दोन बटणं असतात, 'फॉरमॅट डिस्क' आणि 'कॅन्सल'. मॅकवर अशाच वेळी 'इनिशिअलाइज', 'इग्नोर' आणि 'इजेक्ट' असे पर्याय येतात. अनेकांना वाटतं, कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे करायलाच हवं. पण कॉम्प्युटरला फक्त एवढंच म्हणायचं असतं, की 'या डिस्कवरची भाषा मला कळत नाही'. डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते आणि आतला डेटाही जागेवर असतो. 'फॉरमॅट' दाबलं तर मात्र तो हातातून जाऊ शकतो.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. अशी चौकट आली की कॅन्सल करायचं, डिस्क काढायची आणि ज्या कॉम्प्युटरवर ती आधी चालत होती त्यालाच लावून बघायची. तिथे सगळं दिसलं, तर बिघाड काही नाही, फक्त भाषेचा प्रश्न आहे. तिथेही तीच चौकट आली, तर डिस्क किंवा केबल खराब झालेली असू शकते. तेव्हाही फॉरमॅट करायचं नाही, आधी केबल आणि पोर्ट बदलून बघायचं.

ही 'भाषा' म्हणजे नेमकं काय?

तांत्रिक शब्द आहे फाइल सिस्टिम. कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे, तिचं नाव काय, आकार किती, याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टिम. प्रत्येक कंपनीने आपापली नोंदवही तयार केली आणि तिथूनच हा सगळा घोळ सुरू झाला. घरगुती वापरात साधारण सहा नावं भेटतात.

फॅट३२: १९९६ च्या सुमाराची, जवळपास सगळीकडे चालणारी. टीव्ही, कारमधला म्युझिक सिस्टिम, जुने कॉम्प्युटर, सगळ्यांना ती कळते. पण एक मोठी मर्यादा आहे. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. डिस्कवर ५०० जीबी जागा रिकामी असूनही लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही आणि 'फाइल फार मोठी आहे' असा मेसेज येतो, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एनटीएफएस: मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आणलेली. आजही विंडोजची मुख्य फाइल सिस्टिम हीच आहे. मॅकला ती वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. म्हणजे फोटो बघता येतात, कॉपी करून घेता येतात, पण नवीन टाकता येत नाहीत आणि जुने पुसताही येत नाहीत.

एचएफएस प्लस आणि एपीएफएस: या अ‍ॅपलच्या. पहिली १९९८ ची, दुसरी २०१७ पासून मॅकवर आली. वेगळं सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय विंडोजला या दोन्ही कळत नाहीत.

एक्सटी४: लिनक्सवाल्यांची. घरात कोणी उबुंटू वापरत असेल तर हिच्याशी गाठ पडते. विंडोज आणि मॅक दोघांनाही ती सहजासहजी वाचता येत नाही.

एक्सफॅट: मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये आणलेली. ४ जीबीची मर्यादा नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वाचता येते, लिहिताही येते. मॅकवर ही सोय २०१० पासून आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि त्यानंतर लिनक्सच्या मूळ गाभ्यातही ती आली.

मग आपल्या घरासाठी कोणती?

घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस ठेवा, काही बदलू नका. सगळे मॅकच असतील तर एपीएफएस किंवा एचएफएस प्लस. विंडोज आणि मॅक दोन्ही असतील आणि डिस्क हातात घेऊन इकडून तिकडे न्यायची असेल तर एक्सफॅट.

टीव्हीचं मात्र वेगळं आहे. काही टीव्हींना तिन्ही चालतात, काहींना फॅट३२ आणि एनटीएफएसच कळतात. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत 'यूएसबी' या मथळ्याखाली हे लिहिलेलं असतं. केवळ टीव्हीसाठी सगळी डिस्क बदलण्यापेक्षा सिनेमांसाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवणं सोपं पडतं.

मोबाइलचं काय? आयफोन आणि आयपॅडच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये एक्सफॅट चालतं. अँड्रॉइडमध्ये ते फोनच्या कंपनीवर अवलंबून आहे. पण मोबाइलला फिरती हार्ड डिस्क लावली तर तिला पुरेशी वीज मिळेलच असं नाही. डिस्क टकटक आवाज करून बंद पडत असेल तर जोर लावू नका, वेगळ्या चार्जरची सोय असलेला हब लागेल.

डिस्क बदलायची तर क्रम कोणता?

फाइल सिस्टिम बदलायची म्हणजे डिस्क पूर्ण पुसायची. एनटीएफएसची डिस्क आतला डेटा तसाच ठेवून एक्सफॅट करायची सोय विंडोज किंवा मॅकमध्ये नाही. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

१. आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा. लॅपटॉपमध्ये जागा नसेल तर नातेवाइकाची किंवा मित्राची डिस्क दोन दिवस मागून घ्या.

२. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघा. मॅकवर यासाठी 'गेट इन्फो' आहे. मधूनच चार-पाच फोटो आणि एक मोठा व्हिडिओ उघडून बघा.

३. हे झाल्यावरच फॉरमॅट करा. विंडोजवर 'धिस पीसी' मध्ये डिस्कवर राइट क्लिक, मग 'फॉरमॅट', फाइल सिस्टिममध्ये 'एक्सफॅट' निवडा आणि बाकीचं आहे तसं ठेवा. मॅकवर 'डिस्क युटिलिटी' उघडा, 'व्ह्यू' मधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा, यादीत वरची मूळ डिस्क निवडून 'इरेज' करा. तिथे फॉरमॅट 'एक्सफॅट' आणि स्कीम 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' ठेवा.

४. 'ओके' दाबण्याआधी डिस्कचं नाव आणि आकार पुन्हा एकदा वाचा. दोन डिस्क जोडलेल्या असताना चुकीची पुसली जाण्याचा धोका खरा आहे. नको असलेली डिस्क आधीच काढून ठेवलेली बरी.

आकार वाचताना गोंधळू नका. खोक्यावर १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते आणि मॅकवर १ टीबीच. जागा कुठे गेलेली नसते. दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे, एवढंच.

एक्सफॅट सोयीचं आहे, मग तोटा काय?

तोटे दोन आहेत आणि दोन्ही आपल्याकडे जास्त जाणवतात.

पहिला विजेचा. एनटीएफएस आणि एपीएफएसमध्ये लिहिताना मधेच काही झालं तरी नोंदवही सावरून घेण्याची व्यवस्था असते. एक्सफॅटमध्ये ती नाही. कॉपी चालू असताना वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, किंवा घाईत केबल उपटली, तर एखादी फाइलच नाही, कधी कधी अख्खं फोल्डर गडबडतं. म्हणून एक्सफॅटच्या डिस्कला 'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय हात लावायचा नाही. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये डिस्क पटकन काढता यावी अशी सेटिंग आधीपासून असते, पण कॉपी चालू असताना तीसुद्धा वाचवू शकत नाही. आणि मॅकवर तर इजेक्ट करावंच लागतं.

एक खूण सांगून ठेवतो. इजेक्ट न करता काढलेली एक्सफॅट डिस्क मॅकला लावली की ती काही मिनिटं दिसतच नाही. मॅक तेव्हा मागे तिची तपासणी करत असतो. डिस्क मोठी असेल तर जास्त वेळ लागतो. लोक घाबरून पुन्हा पुन्हा केबल काढतात आणि तपासणी अर्धवट राहते. थोडं थांबा. त्यानंतरही दिसली नाही, तर विंडोज कॉम्प्युटरला लावून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' असं करून बघा.

दुसरा तोटा खासगीपणाचा. एक्सफॅटमध्ये 'ही फाइल अमुकच माणसाने उघडावी' अशी सोय नाही. डिस्क ज्याच्या हातात, त्याला सगळं दिसतं. आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट अशा गोष्टी त्यात उघड्या ठेवू नका. विंडोजचं बिटलॉकर मॅकवर उघडत नाही. दोन्हीकडे चालेल असं कुलूप हवं असेल तर व्हेराक्रिप्टसारखं मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. फक्त पासवर्ड विसरलात तर डेटा परत मिळवायचा मार्ग नाही.

एकाच वेळी दोघांना हवी असेल तर?

यूएसबी केबलने डिस्क एका वेळी एकाच कॉम्प्युटरला जोडता येते. बाजारात दोन तोंडांची वाय केबल मिळते, ती बघून काहींना वाटतं की दोन लॅपटॉप जोडता येतील. तसं नाही. ते दुसरं तोंड जास्तीची वीज घेण्यासाठी असतं. दोघांना एकाच वेळी वापरायची असेल तर डिस्क घरातल्या नेटवर्कवर आणावी लागते. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग फुकटचा. डिस्क घरातल्या एका कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवायची आणि त्यावरचं फोल्डर शेअर करायचं. इथे एक मोठा फायदा होतो. फाइल सिस्टिमची भानगडच संपते. एनटीएफएसची डिस्क विंडोजला जोडलेली असेल तर तिच्यावर लिहिण्याचं काम विंडोज करतो. मॅक फक्त वाय-फायवरून त्याच्याकडे फाइल सोपवतो. त्यामुळे जी डिस्क केबलने जोडल्यावर मॅकला लिहू देत नव्हती, तिच्यावरच नेटवर्कवरून लिहिता येतं. डिस्क पुसायची गरजच उरत नाही.

विंडोजवर फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'शेअर' असं करायचं आणि कोणाला द्यायचं ते निवडायचं. नेटवर्क 'प्रायव्हेट' वर ठेवलेलं हवं. मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', 'जनरल', 'शेअरिंग' मध्ये 'फाइल शेअरिंग' चालू करायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हे फोल्डर 'नेटवर्क' या ठिकाणी दिसतं. तिथे नाव आणि पासवर्ड विचारला जातो आणि इथे बरेच जण अडकतात. विंडोज सुरू करताना टाकतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही. अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. अडचण एकच: तो कॉम्प्युटर बंद असला किंवा झोपी गेला की डिस्कही गायब.

दुसरा मार्ग राउटरचा. अनेक वाय-फाय राउटरना मागे यूएसबी पोर्ट असतो. त्यात डिस्क लावली की घरातल्या सगळ्यांना ती दिसते, कॉम्प्युटर चालू ठेवावा लागत नाही. पण इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरच्या पोर्टवर ही सोय असतेच असं नाही. कोणती फाइल सिस्टिम चालते हेही आधी बघावं लागतं. शिवाय जुने राउटर फाइल शेअर करायला एसएमबी १ ही जुनी पद्धत वापरतात. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या व्हायरसने याच पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेतला होता. त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती आपोआप येत नाही. त्यामुळे डिस्क दिसत नाही म्हणून एखादा व्हिडिओ 'एसएमबी १ चालू करा' असं सांगत असेल, तर तसं करू नका. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, नाहीतर पहिला मार्ग पत्करा.

तिसरा मार्ग नॅस नावाच्या पेटीचा. ही नेटवर्कसाठीच बनवलेली डिस्कची पेटी असते. महाग पडते, पण फोटोग्राफी किंवा व्हिडिओचं काम घरून करणाऱ्यांना उपयोगी आहे.

तिन्ही मार्गांत एक पथ्य पाळा. डिस्क घरातल्या नेटवर्कपुरतीच ठेवा, बाहेरून इंटरनेटवर उघडी करू नका.

वेग किती मिळतो?

यूएसबी ३ च्या पोर्टवर साध्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास असतो. त्या हिशेबाने ५०० जीबी कॉपी व्हायला साधारण दीड तास लागतो. राउटरचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल, तर तेवढ्याच कामाला ११ तासांहून जास्त लागतील. लहान लहान हजारो फोटो असतील तर याहूनही जास्त. म्हणून पहिल्यांदा मोठा डेटा भरताना केबलने भरा आणि रोजच्या वापरासाठी नेटवर्क ठेवा.

आणखी तीन छोट्या, पण नडणाऱ्या गोष्टी

फाइलचं नाव: मॅकवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा अवतरणचिन्ह चालून जातं, विंडोजला ते चालत नाही. 'बारसं कुठे?' असं नाव दिलेलं फोल्डर दुसरीकडे कॉपी होताना अडतं. नाव देवनागरीत दिलं तरी हरकत नाही, फक्त ही चिन्हं टाळा.

जुनी मराठी कागदपत्रं: श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. डिस्क खराब झालेली नसते. त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो. अशा फाइलींची पीडीएफ करून जोडीला ठेवा, म्हणजे कुठेही वाचता येईल.

ऑफिसचा लॅपटॉप: अनेक कंपन्या यूएसबी डिस्क बंद ठेवतात. घरी चालणारी डिस्क तिथे चालली नाही तर दोष डिस्कचा नाही. ते बंधन तोडायचा प्रयत्न करू नका, नोकरीचा प्रश्न आहे.

चुकून फॉरमॅट झालंच तर?

सगळं संपलं असं समजू नका. 'क्विक फॉरमॅट' मध्ये बहुतेक वेळा फक्त नोंदवही कोरी होते, खालचा डेटा त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असू शकतो. म्हणून त्या क्षणापासून डिस्कवर एकही फाइल टाकायची नाही. डिस्क काढून ठेवा. मग डेटा रिकव्हरीचं सॉफ्टवेअर वापरा किंवा जाणकाराकडे न्या आणि परत मिळालेला डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. एसएसडी असेल तर मात्र शक्यता बरीच कमी असते, कारण त्यात मोकळी झालेली जागा आपोआप साफ केली जाते.

सामायिक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

मूळ मुद्दा हाच आहे. लॅपटॉप भरला म्हणून फोटो डिस्कवर हलवले आणि लॅपटॉपमधून पुसले, तर तो बॅकअप होत नाही. प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे. उलट ती आता जास्त धोक्यात आहे. चार जणांच्या हातात फिरणारी डिस्क पडते, एका कॉम्प्युटरमधला व्हायरस दुसऱ्यात नेते आणि एखाद्या दिवशी कोणीतरी त्या चौकटीतलं 'फॉरमॅट' दाबतं. खंडणी मागणारे व्हायरस तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात.

मॅकचं टाइम मशीनसुद्धा याच डिस्कवर सुरू करू नका. ते डिस्क आधी पुसून स्वतःसाठी तयार करायला मागतं. त्याला वेगळी डिस्क द्या.

जाणकार यासाठी ३-२-१ असा हिशेब सांगतात. महत्त्वाच्या डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी आणि त्यातली १ घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचं तर: एक प्रत सगळ्यांच्या वापरातल्या डिस्कवर, दुसरी कपाटात ठेवलेल्या डिस्कवर जी महिन्यातून एकदाच बाहेर काढायची, आणि निवडक फोटो व कागदपत्रं क्लाउडवर किंवा गावाकडच्या घरी.

आज एवढंच करा. तुमच्या डिस्कवर कोणती फाइल सिस्टिम आहे ते बघा, विंडोजवर 'प्रॉपर्टीज' मध्ये आणि मॅकवर 'गेट इन्फो' मध्ये ते लिहिलेलं असतं. कागदाच्या चिठ्ठीवर ते नाव आणि त्याखाली 'फॉरमॅट करू नये' असं लिहून डिस्कच्या पाठीवर चिकटवा. आणि हा लेख घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. कारण ती चौकट तुमच्यासमोरच येईल असं नाही, ती आईच्या किंवा धाकट्या भावाच्या स्क्रीनवरही येऊ शकते.